नवा टीव्ही बिघडला तर: आधी पोच, मग भांडण

मी तेवीस वर्षं एका कार्यालयात आवक-जावक टेबलावर काढली. त्या टेबलावर माणूस एकच गोष्ट शिकतो: कागद दिला म्हणजे दिला असं होत नाही, त्याची पोच हातात असेल तरच दिला. साहेब बदलतात, फायली हरवतात, पण शिक्का मारलेली प्रत घेऊन कुणी समोर उभं राहिलं की सगळं कार्यालय एकदम नीट बोलायला लागतं. निवृत्तीनंतर हे शहाणपण कुठे उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. पडलं ते टीव्हीच्या प्रकरणात.

मुलाने मला त्रेचाळीस इंची टीव्ही घेऊन दिला. चौथ्या दिवशी संध्याकाळी बातम्या बघत होते, तर उजव्या कडेपासून चार बोटांवर, वरपासून खालपर्यंत, एक हिरवी रेघ उमटली. दोऱ्याएवढी बारीक. टीव्ही बंद करून चालू केला, रेघ गेली. वीस मिनिटांनी पुन्हा हजर. दुकानदार म्हणाला, "आम्ही फक्त विकतो, कंपनीला फोन करा." कंपनीने फोनवर बराच वेळ गाणी ऐकवली आणि शेवटी "टेक्निशियन येईल" म्हणून सांगितलं. नवा टीव्ही हातात पडायला अकरा आठवडे लागले. प्रकरण मिटलंय, म्हणून कुणाचीच नावं लिहीत नाही. पण त्या अकरा आठवड्यांत मी काय केलं आणि काय आधीच करायला हवं होतं, ते लिहिते.

सुरुवात खोक्यापासून. टीव्ही घरी आला की खोकं फोडण्याआधी मोबाईलवर व्हिडिओ सुरू करा. सीलबंद खोक्याच्या चारही बाजू, त्यावरचा सीरियल नंबर, मग खोकं उघडताना, मग पडदा सुरू होईपर्यंत, सगळं एका सलग व्हिडिओत. कारण पडद्याला तडा असेल तर कंपनीचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "फिजिकल डॅमेज आहे, वॉरंटीत बसत नाही." तडा वाटेत गेला, दुकानात गेला की तुमच्या घरात, हे सांगणारा दुसरा साक्षीदार नसतो. बसवायला आलेल्या माणसाकडूनच टीव्ही उघडून घेतला तर आणखी बरं, तरीही व्हिडिओ आपला आपण काढा.

मग बिल. पक्कं बिल, ज्यावर मॉडेल आणि सीरियल नंबर आहे असं. बिलावरचा, खोक्यावरचा आणि टीव्हीच्या पाठीवरचा असे तिन्ही नंबर जुळवून बघा. टीव्ही भिंतीला लागला की पाठ दिसत नाही, म्हणून तो फोटो आधीच काढून ठेवा. मी काढला नव्हता. पुढे दोन माणसांना टीव्ही उतरवायला लावावा लागला, फक्त एक नंबर वाचायला. बिल न देणं हीसुद्धा कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे, तेव्हा "बिल घेतलं तर जीएसटी लागेल हं काकू" असं कुणी म्हणालं तर लागू द्या.

पहिल्याच दिवशी अर्धा तास पडद्याकडे नीट बघा. पूर्ण पांढरा, पूर्ण काळा, लाल, हिरवा, निळा असे रंग पडदाभर दाखवणारे व्हिडिओ मिळतात. खोलीत अंधार करून ते लावायचे. काळ्या रंगात कडेने उजेड फुटतोय का, पांढऱ्यात डाग दिसतायत का, एखादा ठिपका मेलेला आहे का. फोर-के पडद्यावर 3840 गुणिले 2160, म्हणजे जवळजवळ 83 लाख ठिपके असतात, आणि त्यातले थोडे बंद असले तर कंपन्या तो दोष धरत नाहीत. किती चालतात ते प्रत्येकीच्या वॉरंटीच्या अटींत असतं. पण उभी रेघ, अर्धा अंधारलेला पडदा, आपोआप बंद होणं, आवाज जाणं हे दोषच. एचडीएमआयची सगळी तोंडं, यूएसबी, वायफाय हेही तेव्हाच तपासा. आठ महिन्यांनी तिसरं तोंड बंद सापडलं तर ते पहिल्यापासून बंद होतं, हे सांगून कुणाला पटणार?

आता टेक्निशियनचा प्रसंग. तो मुलगा दुपारी आला, टीव्ही लावला, चार चॅनल फिरवले. रेघ नाही. "काकू, काहीच नाहीये, मस्त चाललाय. मोबाईलवर एक ओटीपी आला असेल, तेवढा सांगा."

इथे माझी पोच-बुद्धी जागी झाली. मी विचारलं, "हा ओटीपी कशाचा रे?" तो म्हणाला, "मी येऊन गेलो त्याचा." मेसेज उघडून वाचला, तर इंग्रजीत स्पष्ट लिहिलं होतं की तक्रारीचं समाधान झालं असेल तरच हा कोड द्यावा. म्हणजे कोड सांगितला की त्यांच्या संगणकात माझी तक्रार "समाधानकारकरीत्या बंद". काही कंपन्या ह्यालाच हॅपी कोड म्हणतात. नाव छान आहे. मी म्हटलं, "बस जरा वीस मिनिटं. रेघ आली नाही तर कोड घेऊन जा." त्याला पुढच्या दोन घरी जायचं होतं, तो चुळबुळत होता, त्याचाही दोष नाही, दिवसाला किती तक्रारी बंद केल्या यावर त्याचं गणित. अठराव्या मिनिटाला रेघ आली. तो जवळ गेला, बोट फिरवलं, आणि हळूच म्हणाला, "पॅनल आहे हे." म्हणजे दोष खुद्द पडद्यातच.

त्याने जॉबशीट, म्हणजे भेटीत काय आढळलं ते नोंदवायचा कागद, भरायला घेतली आणि नुसतं "पॅनल इश्यू" लिहिलं. मी पूर्ण लिहून घेतलं: तारीख, वेळ, "टीव्ही सुरू केल्यावर सुमारे वीस मिनिटांनी उजव्या बाजूला उभी हिरवी रेघ, पॅनल बदलणे आवश्यक, बाह्य इजा नाही". शेवटचे तीन शब्द सगळ्यात महत्त्वाचे. "बाह्य इजा नाही" हे त्यांच्याच माणसाच्या अक्षरात असलं की पुढे "तुमच्याकडूनच काहीतरी लागलं असेल" हे बोलायची सोय राहत नाही. जॉबशीट मोबाईलमध्ये असेल तर तो पडदा त्याच्यासमोर फोटोत घ्या. आणि तो "व्होल्टेजमुळे झालं" म्हणाला तर त्याला मीटर लावून व्होल्टेज मोजायला सांगा आणि आकडा जॉबशीटवर लिहायला सांगा. आपल्याकडे घरगुती वीज 230 व्होल्टची. आकडा लिहायचा म्हटलं की व्होल्टेजचा विषय बहुधा तिथेच मिटतो.

एक चूक मात्र कुणी करू नका: शेजारच्या ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला मागचं झाकण उघडायला देऊ नका. स्क्रू हलला की वॉरंटी नाकारायला कारण मिळतं, आणि ते कारण तुम्हीच दिलेलं असतं.

मग हक्क काय आहेत? सध्या लागू आहे तो ग्राहक संरक्षण कायदा 2019 सालचा, अंमल जुलै 2020 पासून. त्याआधीचा 1986 चा होता. 2019 च्या कायद्यात दोषाची व्याख्या चांगली ऐसपैस आहे: दर्जा, प्रमाण, मानक यांत कायद्याने, कराराने किंवा विक्रेत्याने केलेल्या दाव्याने जे अपेक्षित आहे, त्यात कोणतीही उणीव. म्हणजे दुकानात "यात ब्लूटूथ आहे" सांगितलं आणि घरी आल्यावर नसलं, तर तेही यात येतं. म्हणून जाहिरातीचा, दुकानातल्या फलकाचा फोटो ठेवा.

दुकानदाराने हात झटकले ना, त्यावर त्याच कायद्यात उत्तर आहे. दोष असलेला माल परत घ्यायला आणि पैसे परत द्यायला नकार देणं, बिलावर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत आणि लिहिलीच नसेल तर तीस दिवसांत, ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असं छापलेलं असतं. ते दोष असलेल्या मालाला लावता येत नाही. मात्र "घरी आणल्यावर मोठा वाटला", "सोफ्याशी रंग जात नाही" हा दोष नव्हे; तिथे दुकानदार ऐकेल तर उपकार. म्हणून तक्रार कंपनीकडे करताना त्याच दिवशी दुकानदारालाही लेखी कळवा. मी पहिले दहा दिवस फक्त कंपनीच्या मागे लागले आणि दुकानदाराला तोंडी सांगत राहिले. आवक-जावकच्या बाईने ही चूक करावी! तोंडी सांगितलेल्याची पोच नसते.

बिल मुलाच्या नावावर, टीव्ही माझ्या घरी, तर तक्रार कुणाची? कंपनीच्या बाईंनी हा मुद्दा काढलाच. कायद्यानुसार विकत घेणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणारी व्यक्तीही ग्राहकच. भेट मिळालेल्या टीव्हीलाही हे लागू. धंद्यासाठी, म्हणजे लॉजच्या खोल्यांत लावायला वगैरे घेतलेल्या मालाला मात्र ही वाट सहसा बंद. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतला असेल तर सूट आहे.

आता जे कुणी गोड बोलून सांगत नाही ते सांगते. बिघाड झाला की लगेच नवाच टीव्ही मिळाला पाहिजे, असा हक्क कायद्यात लिहिलेला नाही. वॉरंटीत बहुतेक वेळा "दुरुस्ती किंवा बदल, कंपनीच्या मर्जीने" अशी भाषा असते आणि पहिली संधी दुरुस्तीलाच मिळते. ग्राहक आयोगासमोर, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींवर निकाल देणाऱ्या यंत्रणेसमोर, प्रकरण गेलं तर आयोग दोष दूर करायला, त्याच प्रकारचा निर्दोष नवा माल द्यायला किंवा पैसे व्याजासह परत करायला सांगू शकतो, वर भरपाई आणि खर्चही देऊ शकतो. यांतलं काय मिळेल ते तुमच्या कागदांवर ठरतं. दोष मुळातलाच आहे हे दाखवायची जबाबदारी साधारणपणे ग्राहकावर येते. म्हणून जॉबशीट, म्हणून ती वीस मिनिटं.

माझ्या बाबतीत सोळा दिवसांनी नवं पॅनल आलं, घरीच बसवलं. नऊ दिवस टीव्ही गुणी बाळासारखा वागला. दहाव्या दिवशी डावा अर्धा भाग अंधारला. बातम्या देणाऱ्याचा एक गाल उजेडात, एक सावलीत. दुसरी तक्रार, दुसरी जॉबशीट, त्यावर "बॅकलाइट", म्हणजे पडद्यामागचा दिवा. ह्यावेळी मी म्हटलं, आता दुरुस्ती नको. एकदा दुरुस्त करायची संधी दिली होती, ती वापरून झाली. हा मुद्दा धरून मी पत्र लिहिलं.

पत्राला वकील लागत नाही, रागही लागत नाही. माझं पत्र साधारण असं होतं:

"मी/माझ्या मुलाने दिनांक अमुक रोजी आपल्या दुकानातून अमुक मॉडेलचा, अमुक सीरियल नंबरचा टीव्ही बिल क्रमांक अमुकने घेतला. चौथ्या दिवशी पडद्यावर उभी रेघ आली. तक्रार क्रमांक अमुक. आपल्या कंपनीच्या तंत्रज्ञाने दिनांक अमुकच्या जॉबशीटवर पॅनल सदोष असल्याचे व बाह्य इजा नसल्याचे नमूद केले. पॅनल बदलल्यावर दहाव्या दिवशी पडद्याचा अर्धा भाग बंद पडला. तक्रार क्रमांक अमुक. दोन महिन्यांच्या आत दोनदा मोठा बिघाड झालेला असल्याने मला दुरुस्ती मान्य नाही. हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत याच मॉडेलचा नवा टीव्ही द्यावा अथवा पूर्ण रक्कम परत करावी. तसे न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन."

एवढंच. "मनस्ताप", "वयोवृद्ध महिला", "जनतेची फसवणूक" यातलं काही नाही. पत्र वाचणारा माणूस तारखा आणि नंबर बघतो, विशेषणं नव्हे. एक प्रत दुकानाला, एक कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाला, शिवाय खोक्यावर छापलेल्या ग्राहक सेवेच्या ईमेलला. टपालाने पाठवताना पोचपावतीसह पाठवा. पूर्वी रजिस्टर एडी म्हणायचो. ती सेवा टपाल खात्याने 2025 मध्ये स्पीड पोस्टात मिसळून टाकली, तेव्हा खिडकीवर पोचपावतीची सोय मागून घ्या. पावती फाइलला लावा, नुसता फोटो काढून पिशवीत टाकू नका.

पत्र गेलं की वाट बघत बसायच्या आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, 1915. मराठीत बोलता येतं. व्हॉट्सअ‍ॅपवर 8800001915 आहे, संकेतस्थळ आणि अ‍ॅपही आहे. तक्रार नोंदवली की क्रमांक मिळतो आणि ते ती कंपनीकडे पाठवतात. हे न्यायालय नाही, त्यांना हुकूम देता येत नाही. तरी फरक पडतो: तोवर मला रोज वेगळा माणूस फोन करत होता, हेल्पलाइननंतर एकच माणूस, स्वतःचं पूर्ण नाव सांगून, फोन करू लागला. माझं प्रकरण इथेच सुटलं. पत्र पोचल्याच्या बाराव्या दिवशी "रिप्लेसमेंट अप्रूव्ह झालं" असा मेसेज आला. त्याच्या आदल्या दिवशी "आणखी एक वर्ष वॉरंटी वाढवून देतो, दुरुस्ती मान्य करा" असंही विचारून झालं होतं. ते घ्यायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. मी घेतलं नाही.

नसतं सुटलं तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. लोक याला उगाच घाबरतात. तुम्ही दिलेली किंमत 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगच, म्हणजे कुठलाही घरगुती टीव्ही. किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. दुकान दुसऱ्या शहरात, कंपनीचं कार्यालय तिसऱ्या राज्यात असलं तरी तक्रार तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात करता येते. जुन्या कायद्यात ही सोय नव्हती. ऑनलाइन दाखल करायला ई-जागृती हे पोर्टल आहे, 2025 पासून सुरू. वकिलाची सक्ती नाही.

तिथे काय लागतं ते टेबलावरच्या भाषेत सांगायचं तर: तारीखवार घटनाक्रम, मूळ तक्रार, प्रतिज्ञापत्र, आणि बिल, वॉरंटी कार्ड, जॉबशीट, पत्र, पोचपावत्या यांच्या प्रती, पान नंबर घालून. घटनाक्रमाचं पान मन लावून करा, एका पानात मावेल असं. वाचणारा बहुधा तेच आधी वाचणार. विरुद्ध पक्ष म्हणून विक्रेता आणि उत्पादक दोघांनाही घ्या, म्हणजे एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवायचं तर तिथेच समोरासमोर दाखवेल. समोरच्याला नोटीस मिळाल्यावर उत्तराला 30 दिवस, आयोगाने वाढवले तर आणखी 15. दोष नुसता बघून ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो, त्याची फी आधी तुम्हाला भरावी लागते. निकाल तपासणी नसेल तर तीन महिन्यांत आणि असेल तर पाच महिन्यांत देण्याचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त धरून चला. मध्ये मध्यस्थीचा पर्यायही विचारतात. टीव्हीसारख्या प्रकरणात तो मला तरी शहाणपणाचा वाटतो. आणि आदेश होऊनही कंपनीने पाळला नाही, तर एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा 25 हजार ते एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

मुदत दोन वर्षांची, तक्रारीचं कारण घडल्यापासून. "बघतो, करतो" अशा ईमेलांची देवाणघेवाण चालू आहे म्हणून ही मुदत लांबते असं समजू नका.

ऑनलाइन घेतलेल्यांसाठी थोडं वेगळं. बिलावर विक्रेता कोण आहे ते वाचा. ज्या अ‍ॅपवरून घेतला ते आणि विकणारा हे बऱ्याचदा वेगळे असतात. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे अ‍ॅपला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, त्याचं नाव आणि संपर्क दाखवावा लागतो, त्याने 48 तासांत तक्रार मिळाल्याची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती सोडवायची. कायद्यानेच पोच द्यायला लावलेली बघून मला फार बरं वाटलं. सदोष किंवा दाखवला तसा नसलेला माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. "रिटर्न विंडो संपली" हे अ‍ॅपचं धोरण झालं, दोषाची तक्रार त्याने संपत नाही. चॅटवर झालेलं बोलणं मात्र ताबडतोब स्क्रीनशॉट काढून ठेवा, खिडकी बंद केली की ते परत मिळेलच असं नाही.

हप्त्यांवर घेतला असेल तर रागाच्या भरात हप्ते थांबवू नका. कर्ज देणाऱ्याशी तुमचा करार वेगळा आहे, टीव्ही बिघडला म्हणून तो थांबत नाही. दंड आणि क्रेडिट स्कोअर दोन्ही तुमच्याच अंगावर येतात. जुना टीव्ही एक्स्चेंजमध्ये दिला असेल तर परताव्यात ती रक्कमही धरली आहे का ते बघा. बिलावर ती वजा दाखवलेली असते आणि परत देताना नेमकी तीच विसरली जाते.

बदली टीव्ही आला त्या दिवशी मुलगा व्हिडिओ काढायला उभा होता. नवीन सीरियल नंबर लेखी घेतला, वॉरंटी पहिल्या बिलापासून मोजणार की आजपासून, ते ईमेलवर विचारून घेतलं. उत्तर आलं, पहिल्या बिलापासून. जुना टीव्ही नेताना आलेल्या माणसाकडून "अमुक सीरियल नंबरचा संच, रिमोट व स्टँडसह परत मिळाला" असं लिहून सही घेतली. तो म्हणाला, "काकू, एवढं कुणी लिहून घेत नाही." मग त्याने ओटीपी मागितला. टीव्ही वीस मिनिटं चालू द्यायला सांगून मी त्याला खुर्ची दिली.